ट्रेटिनॉइन की ग्लायकोलिक अ‍ॅसिड? बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. चेहरा तरुण दिसावा एवढ्यासाठी रात्री लावायला एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ती ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए च्या कुळातलं औषध), आणि तेही ०.०२५ टक्क्यांचं. ग्लायकोलिक, लॅक्टिक ही अ‍ॅसिडं वाईट नाहीत, पण नंबर दुसरा. गंमत अशी की पहिले दोन महिने चित्र नेमकं उलटं दिसतं. अ‍ॅसिडवाला चेहरा उजळ आणि गुळगुळीत, तर ट्रेटिनॉइनवाल्याच्या नाकाशेजारी पोपडे. बहुतेक जण इथेच ट्रेटिनॉइनची ट्यूब कपाटात टाकतात आणि अ‍ॅसिडची बाटली चालू ठेवतात.

अ‍ॅसिडचा परिणाम मुख्यतः सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरावर होतो. त्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे दुवे सैल पडतात, थर सुटतो, खालचा सपाट भाग वर येतो. त्यावरून उजेड सारखा परततो म्हणून चेहरा तुकतुकीत दिसतो. हे आठवड्या-दोन आठवड्यांत होतं आणि बाटली बंद केली की तितक्याच लवकर ओसरतं. ट्रेटिनॉइन पेशीच्या केंद्रकातल्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं. त्यातून नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार होण्याला चालना मिळते, उन्हामुळे कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स आवरली जातात, आणि एका जागी साचलेलं रंगद्रव्य विखुरतं. म्हणजे बारीक सुरकुत्या आणि काळपट चट्टे या दोन्हींवर ते मुळाशी काम करतं. अर्थात मुळाशी होणारं काम आरशात लवकर दिसत नाही.

याला पुरावाही जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेत १९७१ साली ट्रेटिनॉइन मुरमांसाठी मंजूर झालं. ते वापरणाऱ्या मोठ्या वयाच्या बायकांच्या सुरकुत्या कमी झाल्याचं दिसलं, तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी उन्हाने वय झालेल्या त्वचेवर प्रयोग केले आणि १९८६ मध्ये ते प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये याच कामासाठी ०.०५ टक्क्यांची क्रीम मंजूर झाली. आपल्या दृष्टीने त्याहून कामाची गोष्ट त्याच वर्षी छापून आली. ०.१ टक्के आणि ०.०२५ टक्के अशा दोन क्रीम ४८ आठवडे वापरून बघितल्यावर फायदा जवळपास सारखाच निघाला, आग आणि लाली मात्र ०.१ टक्क्याला बरीच जास्त. ‘जास्त टक्के म्हणजे लवकर गुण’ असं सांगणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला तर हे दुप्पट लागू. गोऱ्या कातडीवर आग झाली तर लाल होतं आणि चार दिवसांत निवतं. आपल्याकडे आग झालेल्या जागी काळा डाग राहतो आणि जायला महिने लागतात. सुरकुत्या घालवायच्या नादात वरच्या ओठावर आणि गालाच्या हाडावर काळपट पट्टा उठवून घेतला तर चेहरा वयाने वाढूनच दिसतो. म्हणून औषध कुठलंही असो, आग होऊ द्यायची नाही, हा पहिला नियम.

आता वापर. रात्री साध्या सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. ओलसर त्वचेत औषध जास्त शिरतं आणि चुरचुरतं, म्हणून हे थांबणं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडा यांना व्हॅसलीनचा पातळ हात. मग वाटाण्याएवढी क्रीम, पूर्ण चेहऱ्याला मिळून एवढीच. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी असे ठिपके ठेवून पसरवायची. डाग आहे तिथे जास्त चोपडून काही होत नाही, तिथली साल तेवढी निघते. वरून साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. त्वचा कोरडी किंवा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग क्रीम, मग पुन्हा मॉइश्चरायझर. याने जोर थोडा कमी होतो, पण औषध टिकून वापरलं जातं, आणि इथे टिकण्यालाच किंमत आहे.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री. मग दिवसाआड. रोज लावायची घाई तिसऱ्या महिन्याआधी नको. कित्येकांना आठवड्यातून तीन-चार रात्री कायमच्या पुरतात. तेवढंही सोसत नसेल तर अर्धा तास ठेवून धुवून टाकायचं आणि हळूहळू वेळ वाढवायचा. जेल आणि क्रीम दोन्ही मिळतात. जेलमध्ये बहुधा अल्कोहोल असतं, ते तेलकट, मुरमांच्या चेहऱ्याला ठीक. चाळिशीच्या कोरड्या त्वचेला क्रीमच.

साधारण दुसऱ्या आठवड्यात नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर बारीक पांढरे पोपडे येतात. रात्री ते कळत नाहीत. सकाळी सनस्क्रीन चोळताना त्याच्या मळासारख्या वळ्या निघतात तेव्हा कळतं. अशा वेळी हाताने सोलायचं नाही, स्क्रब तर अजिबात नाही. दोन रात्री सुट्टी, नुसतं मॉइश्चरायझर. चार ते सहा आठवडे नेहमीच्याच जागी पुटकुळ्या वाढतात. आत दबलेले मुरूम लवकर वर येतात, ते ओसरतात. पण कधीच मुरूम न येणाऱ्या जागी पुरळ उठलं, खाज सुटली किंवा सूज आली, तर ते सोसण्यातलं नाही. औषध बंद करून डॉक्टर गाठायचा.

गुण कधी दिसतो? दीड-दोन महिन्यांत त्वचेचा पोत नितळ लागतो, हे आधी बोटांना कळतं. डाग फिकट व्हायला तीन-चार महिने. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषांसाठी सहा महिने धरून चालायचं, त्यानंतरही सुधारणा चालू राहते. कपाळावरच्या खोल आठ्या आणि ओघळलेला जबडा यांना क्रीम काही करू शकत नाही.

अ‍ॅसिडच्या बाटलीवर टक्केवारी मोठ्या अक्षरांत असते, पण निम्मी गोष्ट पीएचमध्ये (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं अ‍ॅसिड तिखट) असते आणि ती बहुतेक कंपन्या छापतही नाहीत. ग्लायकोलिक अ‍ॅसिड ३.८ च्या आसपासच्या पीएचला अर्धं मोकळं असतं आणि अर्धं क्षाराच्या रूपात. साल सोडवतं ते मुख्यतः मोकळं अ‍ॅसिड. म्हणजे ३.८ पीएचच्या १० टक्क्यांच्या बाटलीत कामाचं ५ टक्के. तीच बाटली ४.८ पीएचची असेल तर मोकळं अ‍ॅसिड जेमतेम १ टक्का उरतं. एकीने चेहरा चुरचुरतो, दुसरीने फारसं काही होत नाही, आणि लेबल दोन्हींवर एकच. घरच्या वापराला १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नाही, ही मर्यादा पाळलेली बरी. ३० टक्क्यांच्या लाल सीरमची बाटली ऑनलाइन सहज मिळते, म्हणून ती घरी वापरायची वस्तू ठरत नाही. दहा मिनिटांचं पंधरा मिनिटं झालं की सावळ्या चेहऱ्यावर नकाशा उमटतो.

अ‍ॅसिडांतही फरक आहे. ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यात लहान, तो पटकन शिरतो आणि पटकन चावतो. लॅक्टिक थोडं सौम्य, ओलावा धरतं, कोरड्या चेहऱ्याला चांगलं. मॅन्डेलिकचा रेणू मोठा, हळू शिरतो, म्हणून डाग पडण्याची भीती असलेल्यांनी सुरुवात याने करावी. माझ्या मते आपल्या त्वचेला हेच सगळ्यात शहाणं, पण जाहिरात ग्लायकोलिकची. सॅलिसिलिक २ टक्के तेलात विरघळतं, रंध्रांत उतरतं. ब्लॅकहेड आणि तेलकट नाकाला ते उत्तम, सुरकुत्यांसाठी घेऊ नये. दही-बेसन किंवा लिंबू लावून हेच होतं असं सांगतात. दह्यातलं लॅक्टिक अ‍ॅसिड फारच थोडं असतं. लिंबाचा रस पीएच २ च्या आसपास, आणि तो लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे पट्टे पडू शकतात.

ज्यादा वापराची खूण बहुतेकांना कौतुकाची वाटते. कपाळ ताणल्यासारखं, प्लास्टिकसारखं चमकतं आणि हसलं की त्यावर कागदाच्या चुण्यांसारख्या बारीक रेघा उमटतात. लोक म्हणतात काय ग्लो आलाय. तो ग्लो नव्हे, संरक्षक थर निघून गेलाय. पारख सोपी: नुसतं पाणी किंवा रोजचं मॉइश्चरायझर लावल्यावर चुरचुरलं तर दोन ते चार आठवडे सगळं बंद. फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बस्स.

दोन्ही एकत्र चालतात का? चालतात, पण पहिले तीन महिने फक्त ट्रेटिनॉइन. ते नीट सोसलं की आठवड्यात एक रात्र मॅन्डेलिक किंवा लॅक्टिक, त्या रात्री ट्रेटिनॉइन नाही, दुसऱ्या रात्री पूर्ण सुट्टी. एकाच रात्री एकावर एक नको. अ‍ॅसिडमुळे ट्रेटिनॉइन निकामी होतं असं जे सांगितलं जातं ते कारण नाही. दोघांची आग मिळून डाग पडतो, हे आहे. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मात्र वेगळं: साधी ट्रेटिनॉइन क्रीम त्याच्याबरोबर, विशेषतः उजेडात, खरोखर विघटित होते. मुरमांसाठी ते वापरत असाल तर ते सकाळी.

सनस्क्रीनशिवाय यातलं काहीही सुरू करू नये. १० टक्के ग्लायकोलिकने त्वचेची उन्हाला पोळण्याची तयारी वाढते आणि बंद केल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत होते, हे तपासलेलं आहे. प्रमाण म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट टोकापासून मुळापर्यंत भरून दोन रेघा, चेहरा-मानेला मिळून. रोज एवढी लावली तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपते. चार महिने पुरत असेल तर एसपीएफ ५० नुसता डब्यावरच आहे. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेली रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण वांग साध्या उजेडानेही वाढतो. सुरुवात जून-जुलैत सोयीची, ऊन कमी आणि हवेत ओलावा. नागपुरात मे महिन्यात किंवा नाशिकच्या थंडीत सुरू केलं तर पोपडे दुप्पट.

पार्लरबद्दल दोन शब्द. ट्रेटिनॉइन चालू असताना अप्पर लिपचं वॅक्सिंग केलं तर केसांबरोबर कातडीही येते. आठवडाभर आधी बंद करा. थ्रेडिंगला तितका धोका नाही, तरी तीन-चार दिवस सोडलेले बरे. ब्लीच आणि फ्रूट पील पूर्णच टाळा. बाईंना आधी सांगून ठेवायचं, नाहीतर फेशियलच्या शेवटी काहीतरी चोळलं जातंच.

यापेक्षा मोठा घोटाळा केमिस्टच्या काउंटरवर होतो. ‘डागांची क्रीम द्या’ म्हटलं की हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारं), ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशा तीन औषधांची ट्यूब हातात पडते. या मिश्रणाचं मूळ सूत्रही क्लिगमन यांचंच, १९७५ चं, त्यात मोमेटासोनऐवजी डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड होतं. वांगासाठी, डॉक्टरच्या नजरेखाली, थोडे आठवडे ते वापरायचं असतं. मोमेटासोनही स्टेरॉइडच आहे. दोन आठवड्यांत चेहरा उजळतो तो बराचसा त्याच्यामुळे. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि थांबवलं की चेहरा भडकतो. ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचायचं. फक्त ट्रेटिनॉइन लिहिलेलं असेल तरच ती ही क्रीम. ते प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे, तेव्हा एकदा स्किनच्या डॉक्टरकडून लिहून घेणं उत्तम.

गरोदरपणात किंवा मूल होऊ देण्याचा विचार असताना ट्रेटिनॉइन आणि त्याच्या कुळातली अ‍ॅडापलीन, टॅझारोटीन, रेटिनॉल सगळं बंद. अंगावर पाजत असाल तर विचारल्याशिवाय नाही. त्या काळात डागांसाठी अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड हा डॉक्टर सहसा देतात तो पर्याय.

ट्रेटिनॉइन अजिबात सोसलंच नाही तर अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल बघावं. ते उजेडात टिकतं, कमी चावतं; सुरकुत्यांबाबत पुरावा मात्र ट्रेटिनॉइनएवढा नाही. रेटिनॉल त्याहून मवाळ, कारण त्वचेत दोन पायऱ्या उतरून त्याचं रेटिनोइक अ‍ॅसिड होतं आणि वाटेत बरंच गळतं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या उत्पादनांना ०.३ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली, सुरुवातीला तेवढं भरपूर आहे. पारदर्शक बाटलीतलं किंवा ड्रॉपरचं रेटिनॉल घेऊ नका, हवा आणि उजेडाने ते मरतं.

वाटाण्याएवढी क्रीम म्हणजे साधारण पाव ग्रॅम. आठवड्यात तीन रात्री धरल्या तर २० ग्रॅमची ट्यूब सहा महिने जाते, म्हणजे महिन्याच्या हिशेबात हे बहुतेक सीरमपेक्षा स्वस्त पडतं. ट्यूब गीझरखालच्या फळीवर ठेवू नका, खोलीत, अंधाऱ्या खणात ठेवा, आणि विकत घेताना मुदत बघून घ्या. सहा महिने चालणारी ट्यूब तीन महिन्यांच्या मुदतीची गळ्यात मारतात.