जुन्या स्विमिंग पूलचं प्लंबिंग बदललं : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या आमच्या कॉलनीचा स्विमिंग पूल ऐंशीच्या दशकातला. ४० फूट बाय २० फूट, एका टोकाला तीन फूट, दुसऱ्या टोकाला सहा, म्हणजे सरासरी साडेचार धरली तर पाणी बसतं एक लाख लिटरच्या आसपास. कित्येक वर्षं बंदच पडून होता. हिरवं पाणी, बदामाची पानं आणि डास होऊ नयेत म्हणून सोडलेले गप्पी मासे, पोहणारे तेवढेच. विरधवल खाडे आमच्याच गावचा, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ आणलेला, त्यामुळं इथं पोराला पोहता आलं की आईबाप लगेच स्पर्धेचं बोलायला लागतात. मग दारात पूल असताना पोरं गाडीवर घालून लांब का न्यायची, यावर मीटिंगा झाल्या, वादावादी झाली आणि शेवटी काम निघालं. नवीन असताना सगळंच झकास वाटतं, म्हणून मुद्दाम थांबलो. आता उन्हाळाभर रोज वापर झालाय, जून ते सप्टेंबरचा पाऊस पण काढलाय, त्यामुळं काय टिकलं आणि काय कुरकुरतंय ते सांगता येईल.

पहिली गोष्ट, टाइल्सच्या मागं लागू नका. आमच्याकडं आलेल्या पहिल्या कंत्राटदारानं पूल बघितला न बघितला आणि टाइल्स, वॉटरप्रूफिंग, लाइटचं कोटेशन काढलं, पाइपाचा उल्लेख शेवटी एका ओळीत, 'आवश्यकतेनुसार दुरुस्ती'. अहो, पण पाणी जातंय कुठनं ते तर बघा! कॉलनीतले एक रिटायर्ड इंजिनियर काका आहेत, त्यांनी कोटेशन बाजूला ठेवून आधी बादली मागवली. पूलच्या पायरीवर बादली ठेवायची, आत पूलचंच पाणी, दोन्हीकडची लेव्हल सारखी, खुणा करायच्या आणि २४ तासांनी बघायचं. उन्हानं बादलीतलं जेवढं आटलं तेवढं पूलचं पण आटणार, त्याच्यावर जे जातंय ती गळती. आमच्या पूलला एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ७४० लिटर, आणि आमचं रोज दोन-तीन बोटं खाली जात होतं. हीच टेस्ट एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करायची. चालू असताना जास्त गेलं तर रिटर्न लाइनवर (फिल्टरकडनं पूलमध्ये परत येणारी) संशय, बंद असताना जास्त गेलं तर सक्शन लाइनवर (पूलमधनं पंपाकडं ओढणारी), दोन्हीत सारखंच तर भिंत किंवा तळ. आमचं पंप चालू असताना जास्त जायचं. राहिला टाइल्सच्या भेगांचा प्रश्न, तर पाणी शांत असताना सिरिंजनं भेगेजवळ कपड्याची नीळ सोडली, ती आत ओढली गेली नाही, जागच्या जागी तरंगत राहिली. म्हणजे टाइल्स निर्दोष, गुन्हेगार जमिनीखाली.

खणल्यावर जे निघालं ते बघून मिस्त्री म्हणाले, "ओ दादा, ह्यात पाइप कुठंय, गंजच हाय नुसता." दीड इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. आतनं गंज आणि क्षार जमून भोक अर्धं झालेलं, बाहेरनं काळ्या मातीनं खाल्लेलं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, दरवर्षी पाइपाचे जॉइंट वरखाली होत राहतात, धागा-सफेदा लावलेले आटे किती दिवस तग धरणार? आणि समजा पाइप नवाकोरा असता तरी तो लहानच होता. सहा तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जायचं तर तासाला १७ हजार लिटर ओढावे लागतात. दीड इंचीतनं एवढं ओढलं तर पाण्याचा वेग सेकंदाला साडेतीन मीटरवर जातो, सक्शनला तो १.८ च्या आत पाहिजे. म्हणून जुना पंप खडे भरल्यागत वाजायचा आणि दर दोन वर्षांनी मोटर बांधायला जायची. नवीन लाइन ७५ एमएमची घेतली, वेग सव्वाच्या आसपास आला, पंप दीड एचपीचाच आहे पण आवाज आता गच्चीवरच्या टाकीच्या पंपाएवढा पण नाही.

पाइपाच्या मापाबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण आपल्या भागात इथंच गडबड होते. आपले प्लंबर निम्मे शेतीतनं आलेले, नदीवरनं उसाला पाइपलाइन नेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण शेतीचा पीव्हीसी एमएमच्या मापात येतो, ६३, ७५, ९०, आणि बिल्डिंगच्या प्लंबिंगचा शेड्यूल ४० वाला (शेड्यूल म्हणजे पाइपाच्या जाडीचा वर्ग) इंचात. दोन इंची शेड्यूल ४० चा बाहेरचा व्यास ६०.३ एमएम आणि शेतीचा ६३. दिसायला सारखेच. दोन इंचीचा पाइप ६३ च्या सॉकेटमध्ये सैल जातो, मग वर भरपूर सॉल्व्हंट ओतून 'बसला बसला' म्हणतात. तो बसत नाही, पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. फिल्टरची युनियन (खोलता येणारा जोड) कुठल्या मापाची येतेय ते आधी बघा आणि मग सगळी लाइन एकाच मापाची घ्या. लक्ष्मीपुरीत दोन्ही मापांचं सामान मिळतं, दुकानदार मागाल ते देतो, माप तुम्ही नक्की करून जायचं.

जुन्या गनमेटलच्या इनलेट रिंगा भिंतीत अशा पक्क्या होत्या की काढायला गेलो असतो तर काँक्रीटच फुटलं असतं. आटे जुने, नवीन प्लास्टिकचं फिटिंग बसेना. ऑनलाइन शोधलं, पुण्याला फोन केले, कुठंच मिळेना. शेवटी एक रिंग घासून साफ केली, मेणाचा ठसा घेतला आणि उद्यमनगरात नेला. लेथवाल्या मामांनी चहा प्यायला, आटा गेजनं बघितला आणि संध्याकाळपर्यंत गनमेटलचे ॲडॉप्टर हातात दिले, एका बाजूला जुना आटा, दुसऱ्या बाजूला नवा. नाद खुळा काम. आजपर्यंत त्यातल्या एकाही जॉइंटमधनं थेंब नाही. जिथं नवीन भोकं पाडावी लागली तिथं कोर कटिंग करून पडल फ्लँज (काँक्रीटमध्ये बसणारी चकती असलेले पाइपाचे तुकडे) टाकले आणि नॉन-श्रिंक, म्हणजे सुकल्यावर न आकसणारं ग्राउट भरलं. काँक्रीटमधनं नुसता गुळगुळीत पाइप काढला तर पाणी पाइपाच्या कडेकडेनं वाट काढतंच.

तळाला पूर्वी एकच मेन ड्रेन होता, सपाट जाळी. तो मुद्दाम तोडला, तळाची एक पट्टी फोडून दोन ड्रेन टाकले, मध्ये तीन फुटांपेक्षा जास्त अंतर, वर फुगीर अँटिव्हॉर्टेक्स (भोवरा होऊ न देणारी) झाकणं. यावर मीटिंगमध्ये 'कशाला खर्च' झालंच. एकाच ड्रेनवर पंपाची सगळी ओढ असली आणि पोराचं अंग किंवा केस त्यावर अडकले तर मोठ्या माणसाला पण ओढून काढता येत नाही. अमेरिकेत २००२ साली जेम्स बेकर या माजी परराष्ट्रमंत्र्याची सात वर्षांची नात अशीच गेली, त्यानंतर २००७ मध्ये तिच्या नावानं तिथं कायदा झाला. हे सांगितल्यावर आक्षेप बंद झाले. तुमच्या पूलला एकच ड्रेन असेल तर बाकी सगळं राहू दे, हे आधी करा.

बाकीच्या लाइनी आता जमिनीत पुरलेल्याच नाहीत. पूलच्या कडेनं चॅनल केला, त्यात वाळूवर पाइप ठेवला आणि वर उचलता येणाऱ्या फरश्या. आणि प्रत्येक लाइनला स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह: स्किमरचा (पाण्यावरचा कचरा ओढणारं भिंतीतलं तोंड) वेगळा, ड्रेनचा वेगळा, रिटर्नचे दोन वेगळे, पंपाच्या दोन्ही बाजूला युनियन. आख्ख्या खर्चातला सगळ्यात वसूल झालेला भाग हाच. मे महिन्यात रिटर्नमधनं बुडबुडे यायला लागले, म्हणजे सक्शनवर कुठंतरी हवा ओढतोय. एकेक व्हॉल्व्ह बंद करत गेलो, स्किमरची लाइन बंद केल्यावर बुडबुडे थांबले. मग त्या लाइनच्या जॉइंटवर शेव्हिंगचा फेस लावला, एका ठिकाणी फेस आत ओढला गेला, तोच जॉइंट. चहा गार व्हायच्या आत सापडलं. पूर्वीसारखं असतं तर आख्खं अंगण खणलं असतं. एक सावधगिरी, नवीन लाइनची टेस्ट पाण्याच्याच प्रेशरनं करा. कॉम्प्रेसरची हवा भरून करू म्हणणारे भेटतात, पीव्हीसी हवेच्या दाबाखाली फुटला तर तुकडे सुऱ्यासारखे उडतात.

आता तक्रारी. पंपाची जुनी खोली खड्ड्यात होती, दर जुलैला तुंबायची, म्हणून नवा पंप वर चौथऱ्यावर घेतला. मोटर वाचली, पण पंप आता पाण्याच्या लेव्हलच्या वर आहे, त्यामुळं पंपाची कचऱ्याची बास्केट साफ केली की पंपाच्या भांड्यात पाणी भरून प्राइम करावं लागतं, म्हणजे आतली हवा काढावी लागते, झाकणाच्या ओरिंगला जरा कचरा लागला तरी ओढत नाही. वॉचमन वैतागतो. मला तरीही हेच बरं वाटतं.

दुसरी तक्रार मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची. फिल्टर, बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं), रिन्स (त्यानंतर वाळू बसवणं), वेस्ट (पाणी थेट बाहेर सोडणं), सगळं एका हँडलवर, पण पंप चालू असताना हँडल फिरवलं की आतली गॅस्केट जाते. आमच्याकडं कुणीतरी फिरवलंच, कुणी ते अजून कबूल नाही. जूनच्या सुरुवातीला परत पाणी कमी व्हायला लागलं, सगळ्यांच्या पोटात गोळा, आणि निघालं काय, तर फिल्टरवर असताना सुद्धा बॅकवॉशच्या पाइपातनं धार चालू. त्या पाइपाचं तोंड उघड्यावर ठेवलं होतं म्हणून दिसलं, थेट गटारात जोडलेलं असतं तर कळलंच नसतं. गॅस्केट बदलली, आता हँडलला कुलूप आहे.

बॅकवॉश घड्याळ बघून करू नका, फिल्टरच्या प्रेशर गेजवर बघा. स्वच्छ असतानाच्या आकड्यावर अर्धा-पाऊण किलो चढला की करायचा, दोन-तीन मिनिटं, मग रिन्स. एका वेळी आठशे-हजार लिटर जातात, ते आम्ही जुन्या पंपाच्या खड्ड्यात सोडतो, उन्हात क्लोरिन उडून गेलं की अंगण धुवायला. फिल्टरच्या वाळूसाठी एकानं सुचवलं, शिरोलीच्या फाउंड्रीतनं सिलिका आणू, फुकट मिळेल. मोल्डिंगची वाळू फार बारीक असते, फिल्टर चोंदतो नाहीतर वाळू पूलमध्ये येते. अर्धा एमएमच्या आसपासची ग्रेडेड वाळूच घ्या.

पावसाळ्यात क्लोरिन टिकत नाही हे माहीत होतं, पण स्किमर पण निकामी होतो हे नवीन कळलं. लेव्हल स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर असेल तरच तो वरचा कचरा ओढतो, दोन दिवसांची झड लागली की तोंड बुडतं आणि पानं पूलभर फिरत राहतात. मग वेस्टवर टाकून लेव्हल उतरवायची. मात्र पूल पूर्ण रिकामा पावसाळ्यात कधीच करू नका, खालनं भूजलाचा दाब येतो आणि रिकामी टाकी उचलली जाते किंवा तळ फुटतो. आमचं फोडाफोडीचं काम म्हणूनच जानेवारीत उरकलं.

लाइट बिलाचं विचारतात सगळे. पंप दिवसाला सहा ते आठ तास चालतो, नऊ ते बारा युनिट पडतात, टायमर लावलाय. एकूण खर्च टाइल्सवाल्या पहिल्या कोटेशनच्या निम्म्याच्या आत बसला. टाइल्स अजून त्याच आहेत, चार-पाच ठिकाणी उडालेल्या, काही जणांना खुपतात. त्या पुढच्या जानेवारीत बघू.