ऑक्टोबरचं बाळ की नोव्हेंबरचं?

जन्ममहिन्यांच्या पाश्चात्त्य यादीत ऑक्टोबरचं रत्न ओपल, फूल झेंडू. नोव्हेंबरला पुष्कराज आणि शेवंती. फुलं मात्र दोन्ही आपल्याच हारातली!

माझा कौल ऑक्टोबरला. कोजागरी बहुधा याच महिन्यात येते आणि त्या दिवशी अनेक घरांत थोरल्या अपत्याला ओवाळून 'आश्विनी' साजरी करतात. म्हणजे पहिलं बाळ ऑक्टोबरचं असलं की महिन्यात दोनदा औक्षण. (आटीव दूध मात्र मोठ्यांना.)

नोव्हेंबरकडे ८ तारखेचे पु. ल. देशपांडे (१९१९) आणि १४ तारखेचे नेहरू (१८८९), म्हणून बालदिनही. ऑक्टोबरकडे गांधीजी आणि शास्त्रीजी, दोघेही २ तारखेचे.

वर्गात चॉकलेटं वाटायची म्हणाल, तर दोघांचेही हाल: दिवाळीची सुट्टी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात.