मलप्रभेकाठची मसणवट: शेड दणकट, पण पावसाळ्यात अपुरं

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, कणकुंबीकडून येणाऱ्या मलप्रभेच्या काठावर हे छोटं स्मशान आहे. फलकावर कन्नडमध्ये ‘रुद्रभूमी’, बोलताना सगळे ‘मसणवट’च म्हणतात. नदीच्या अंगाला मराठा आणि इतर समाजांचं दहन होतं, वरच्या अंगाला लिंगायतांच्या समाध्या. मध्ये कुंपण नाही, आणि ते लागतही नाही.

चौथरा उंच, पत्रा बारा फुटांवर, त्यामुळे धूर कोंडत नाही. लोखंडी स्टँडच्या खालच्या गजांतून वारा खेळतो, म्हणून उन्हाळ्यात 3 क्विंटल लाकूड आणि शे-दीडशे शेणी पुरतात. खरी उणीव पश्चिमेची बाजू उघडी ठेवण्यात आहे. इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. जुलैत त्या बाजूची लाकडं भिजून नुसती धुमसत राहतात. मग कुणीतरी डिझेल ओततं. ते भक्कन पेटून वरच्या वर जळून जातं, ओंडका आतून ओला तो ओलाच. शेवटच्या कामात माणसाची अशी आबाळ होऊ नये. खाली दोन फूट फट ठेवून तेवढ्या बाजूला पत्रा मारला तरी पुष्कळ फरक पडेल.

जळणाला खोली नाही, हा दुसरा दोष. ऐनवेळी ट्रॅक्टरमधून येतं ते बहुधा ताजं तोडलेलं अकेशिया. तळाला वाळके ओंडके, मध्ये शेणी आणि ओलं असेलच ते बाहेरून, असंच रचावं. पावसात क्विंटलभर जास्तच धरावं.

लिंगायतांत बसवून पुरतात, म्हणून खड्डा खोल लागतो. तीन-साडेतीन फुटांवर जांभा लागतो, मग पहारीशिवाय काम हलत नाही. माणसं पहाटेच लावावीत. माती थराथरानं चोपली नाही तर पहिल्या मोठ्या पावसात खचते. वरच्या अंगाची जागा मात्र योग्य, खालच्या अंगाला खड्ड्यात पाणी झिरपलं असतं.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत केली तर शुल्क पडत नाही. दाखल्यावरचं कन्नड नाव आधारशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. वडिलांच्या नावात एक काना चुकला तरी उताऱ्यावर वारसा लावताना काम अडतं.

वाट ओढ्यातून जाते. पाणी चढलं की ट्रॅक्टर अलीकडेच थांबतो आणि जळण डोक्यावरून न्यावं लागतं. मातीला निघताना त्यासाठी सहा-सात गडी जास्तीचे सांगून ठेवावेत.