२०१२ च्या बोलेरो पिकअपची बारीकसारीक कामं : कुठं पैसे वसूल झाले, कुठं नाही

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईत असणाऱ्यांना खालचं सगळं वाचायला नको. जुनी पिकअप असेल आणि खिशात पाच-सहा हजार असतील तर हेडलाइटला रिले सेट बसवा (स्विचवरचा भार काढून बल्बला बॅटरीवरून थेट करंट देणारी जोडणी), अर्थच्या म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह बॉडी-इंजिनला जोडणाऱ्या वायरी साफ करून घ्या आणि मागच्या पाट्यांचे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, रबरी बुश बदला. एलईडी बल्ब, एक्स्ट्रा पाटा, हौद्यात चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा) यातलं काहीही त्याच्या आधी करू नका. गाडीचं जे मूळचं होतं आणि झिजून गेलंय ते आधी परत आणायचं, मग नवीन लावायचं, हे मी आता कुणालाही ठामपणे सांगतो.

गाडी महिंद्राची बोलेरो पिकअप, २०१२ सालची, २५२३ सीसी डिझेल, माझ्याकडे सेकंडहॅन्ड आली. काम म्हणजे सीझनला नारायणगावच्या पट्ट्यातला टोमॅटो वाशीला, बाकी वर्षभर कांदा, खतं, शेजाऱ्यांचं सामान, जे मिळेल ते. संध्याकाळी भरायचं आणि आळेफाटा, ओतूर, मढ करत रात्री माळशेज उतरून टोकावडे, मुरबाड, कल्याणमार्गे वाशी. ज्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये रात्री माळशेज उतरलाय त्यांना सांगायची गरज नाही, धुकं असं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही, कड्यावरून पाणी थेट काचेवर आणि दरडीचे दगड कुठल्या वळणावर पडलेत ते जवळ गेल्यावरच कळतं. त्यामुळे माझ्यासाठी हेडलाइट हा शोभेचा विषय नाहीच.

तर पहिलं रिले सेटचं. उजेड पिवळा आणि मेलेला पडायचा. बल्ब बदलले, रिफ्लेक्टर पुसले, फरक शून्य. तेव्हा एका ऑनलाइन दुकानातून एच४ चे (हाय-लो दोन्ही बीम एकाच बल्बात असतात तो प्रकार) एलईडी बल्ब मागवून लावून बघितले, पांढरा शुभ्र उजेड, गावात उभ्या गाडीला बघायला एकदम भारी. पण रस्त्यावर निघालं की समोरचे सगळे डिपर मारायला लागतात, आणि धुक्यात तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. कारण साधं आहे, आपल्या गाडीचा रिफ्लेक्टर हा हॅलोजनच्या फिलामेंटसाठी बनवलेला असतो, फिलामेंट जिथं असतं तिथंच उजेड निघाला तर बीम नीट कापून रस्त्यावर पडतो. एलईडीची चिप त्या जागी हुबेहूब येत नाही, स्वस्तातल्या बल्बमध्ये तर अजिबातच नाही, म्हणून उजेड वर, बाजूला, समोरच्याच्या डोळ्यात सगळीकडे सांडतो आणि रस्त्यावर कमी पडतो. काढून ठेवले.

मग आळेफाट्याजवळ एक वायरमन आहेत, टपरीवजा दुकान, वय झालेला माणूस, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्याकडे गाडी नेली आणि म्हटलं मामा जास्त वॅटचे बल्ब टाका, शंभर-नव्वदचे. त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. "आधी करंट कुठं अडतोय ते बघू दे, बल्ब कशाला बदलतोस बाबा." इंजिन चालू, हेडलाइट चालू, मल्टिमीटर आधी बॅटरीवर लावला, १३.९ व्होल्ट. मग बल्बमागची रबरी कॅप काढून, बल्ब चालूच ठेवून होल्डरवर लावला, ११.६. म्हणजे सव्वादोन व्होल्ट वाटेतच गायब. आता दोन व्होल्टने काय होतंय असं वाटेल, पण हॅलोजनचं गणित वेगळं आहे, व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळपास तीस टक्के पडतो, आणि माझं तर सोळा-सतरा टक्के पडलं होतं म्हणजे बल्ब निम्म्याच उजेडात जळत होता. कितीही महागडा बल्ब लावला असता तरी तेच.

डॅशच्या खालचं कव्हर काढल्यावर कारण सापडलं, आधी कुणीतरी वायरिंग मध्येच तोडून दोन्ही हेडलाइटचा सगळा लोड थेट स्टेअरिंगच्या स्विचवरून फिरवला होता, बारीक वायरने, आणि जोड नुसते पिळून वर टेप. एच४ चा हाय बीम ६० वॅटचा, दोन बल्ब म्हणजे साधारण दहा अँपिअर, आणि ते रोज रात्री त्या स्विचच्या इवल्याशा पॉइंटमधून. स्विचचा सॉकेट एका बाजूने तपकिरी होऊन प्लॅस्टिक मऊ पडलं होतं, नखाने दाबलं तर खड्डा पडत होता. त्यात मी शंभर वॅटचे बल्ब मागत होतो म्हटल्यावर मामा का चिडले ते तिथंच कळलं.

रिले सेटमध्ये होतं एवढंच की स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, बल्बचा खरा करंट बॅटरीवरून फ्यूज लागून जाड वायरने थेट जातो. एक रिले लो बीमला, एक हाय बीमला. सेट मिळाला ९०० ला, मजुरी ५००, आणि फिलिप्सचे साधे ६०/५५ चे नवीन बल्ब वेगळे. मामांनी सेटसोबत आलेले अर्थचे पिवळे पडलेले थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) कापून नवीन क्रिम्प केले आणि बॉडीचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट कसला, वरून पेट्रोलियम जेली. शिवाय बॅटरीचा निगेटिव्ह ते चेसिस आणि इंजिन ते चेसिस अशा दोन्ही पट्ट्या काढून घासल्या, त्यातली इंजिनची पट्टी अर्धी तुटून लोंबत होती ती नवीन टाकली. परत मीटर लावला, होल्डरवर १३.५. त्या रात्री घाटात पांढऱ्या पट्ट्या दिसल्या, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या, ज्या आहेत हेच मी विसरलो होतो. आणि अर्थ साफ केल्याचा बोनस म्हणजे सेल्फ आता सकाळच्या थंडीत पहिल्या झटक्यात मारतो, मी बॅटरी बदलायच्या तयारीत होतो, ते पैसे वाचले.

सेट घेताना एकच सांगतो, वायर हातात घेऊन बघा. बाहेरून जाड दिसणाऱ्या वायरीत आत तांबं चिमूटभर आणि वर प्लॅस्टिकच जास्त असा माल खूप येतो. टोक सोलून मागा, देत नसेल तर घेऊ नका. रिले शक्यतो बॅटरीजवळ पण पाणी उडणार नाही अशा जागी, पिना खाली तोंड करून, नाहीतर पहिल्या पावसात गंजतो. फ्यूज बॅटरीच्या एकदम जवळ हवा, पुढं कुठंतरी टांगलेला नको, नाहीतर त्याच्या आधीच वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडणारच नाही आणि आग लागेल.

मागच्या लाइटला इंडिकेटरचे एलईडी पण लोक टाकतात. टाकायचे तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) पण बदलायला लागतो, कारण जुना फ्लॅशर लोड कमी झाला की बल्ब उडाला असं समजून टकटकटक पळायला लागतो. मी साधेच बल्ब ठेवलेत, होल्डर मात्र नवीन घेतले, जुने गंजून भोक पडले होते.

आता पाटे. इथं जरा सावकाश वाचा कारण यात ब्रेकचा संबंध आहे आणि बऱ्याच जणांना तो माहीत नसतो. गाडी भरल्यावर मागून बसायची, खड्ड्यात ठण्ण आवाज यायचा. एका स्प्रिंगवाल्याचं म्हणणं की दोन्हीकडं एकेक एक्स्ट्रा पाटा टाकू, पंधरा मिनिटात काम, क्रेट पण जास्त बसतील. माझ्या मिस्त्रींनी ते करू दिलं नाही आणि गाडीखाली झोपवून मला दाखवलं की मागच्या अ‍ॅक्सल आणि चेसिसच्या मध्ये एक सळई आहे, ती वर एका व्हॉल्व्हला जोडलेली असते, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. माल भरला की बॉडी खाली येते, सळई हलते, व्हॉल्व्हला कळतं की लोड आहे आणि मागच्या ब्रेकला प्रेशर जास्त सोडतो. गाडी रिकामी असली की प्रेशर कमी, म्हणजे ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी होत नाही. आता पाटा वाढवला की भरलेली गाडी सुद्धा उंचच राहते, व्हॉल्व्हला वाटतं रिकामीच आहे, मागचे ब्रेक अर्धेच लागतात आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर. घाट उतरताना पुढचे पॅड तापून ब्रेक पोचट का होतो याचं एक उत्तर इथं आहे. कायद्याने वजन वाढवता येत नाही ते वेगळंच, पाटा टाकल्याने आरसी बुकातला आकडा बदलत नाही.

मग केलं काय, तर दोन्ही बाजूचे पाटे उतरवले. मेन पाटा दोन्हीकडं चांगला होता, एका बाजूचा तिसरा पाटा मधून तुटलेला, सेंटर बोल्टपाशीच, त्यामुळे बाहेरून दिसत नव्हता. तो एकच नवीन टाकला. शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्टीच्या) पिना एका बाजूने झिजून चपट्या झालेल्या, आणि बुश नावालाच उरलेले, रबर चिरून निम्मं गायब, म्हणजे तो ठण्ण आवाज लोखंडावर लोखंडाचा होता. बुश, पिना, पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट, तो एक पाटा आणि मजुरी मिळून साडेचार हजारांच्या आत. बसलेले पाटे भट्टीत तापवून कमान मारून घेणारे पण आहेत, स्वस्तात होतं, पण पोलादाला पाणी नीट दिलं नाही तर सीझन संपायच्या आत परत बसतात, तसं माझ्या ओळखीत झालेलं बघितलंय.

फरक सांगायचा तर आवाज गेलाच, पण रिकामी गाडी मागून जी शेपूट हलवायची ते थांबलं. ती मी टायरची खोड समजत होतो. आणि यू-बोल्ट नवीन टाकले असतील तर माल भरून दोन-चार फेऱ्या झाल्यावर परत कसून घ्या, पाटे एकमेकांवर बसले की ते सैल पडतात, हे मिस्त्रींनी बजावून सांगितलं होतं आणि खरंच पाना अर्धा फेरा फिरला.

हौद्याचं, म्हणजे माल ठेवायच्या मागच्या भागाचं, थोडक्यात. जुना पत्रा पातळ झालेला, क्रेट ओढून ओढून घासलेला. सगळे म्हणत होते तीन एमएमची चेकर प्लेट मार, आयुष्यभर बघायला नको. हिशोब करा, आठ बाय साडेपाच फुटाचा हौदा, तीन एमएमचं लोखंड, वजन शंभर किलोच्या आसपास जातं. वीस किलोचा एक क्रेट धरला तर पाच क्रेट टोमॅटो दर खेपेला घरी ठेवायचे आणि त्या बदल्यात लोखंड फिरवायचं, येताना रिकामं सुद्धा. मी सडलेल्या दोन जागी पॅच मारून वेल्डिंग केलं, रेड ऑक्साइडचे दोन हात, आणि वर सहा एमएमची रबर मॅट टाकली, तीसेक किलोची. क्रेट सरकत नाहीत, आवाज नाही, महिन्यातून एकदा उचलून खाली धुतो कारण मॅटखाली टोमॅटोचं पाणी साचलं की पत्रा दुप्पट वेगाने सडतो. ज्यांची वाळू-वीट-खडीची गाडी आहे त्यांना मॅट चालणार नाही, त्यांनी प्लेटच मारावी. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या पण बदलल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

केबिनमध्ये एकच काम केलं पण ते लाख मोलाचं, ड्रायव्हर सीटचा फोम. सीटकव्हरवर चार हजार घालणारे बघितलेत आणि आत तोच बसलेला फोम, कमरेची वाट. टेलरकडून कव्हर उसवून जाड घट्ट फोम भरून घेतला, १२०० रुपये, वरचं रेक्झिन जुनंच. वाशीला पोचल्यावर गाडीतून उतरून सरळ उभं राहता येतं.

पासिंगचं पण सांगतो, गाडी आठ वर्षांच्या पुढं गेली की फिटनेस दरवर्षी करायला लागतो, त्यामुळे ही कामं पावसाळ्यानंतर ढकलण्यापेक्षा पासिंगच्या तारखेच्या महिनाभर आधी लावली तर एकाच खर्चात दोन्ही होतं. रिफ्लेक्टर टेप पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, आणि धूळ पुसून स्पिरिटने साफ केल्याशिवाय चिकटवू नका. हेडलाइटची बीम मामांनी भिंतीवर उजेड पाडून सेट करून दिली होती, त्यामुळे पासिंगला काही अडलं नाही.

मामांच्या दुकानाला माझ्याकडून पाच पैकी पाच. एकच अडचण, सीझनला रांग असते आणि ते घाईचं काम घेत नाहीत, सकाळी लवकर गाडी लावून दिवसभर सोडायची तयारी ठेवून जा. मिस्त्रींना साडेचार, काम एक नंबर पण पार्ट आणायला स्वतःला जुन्नरला पळावं लागलं. ऑनलाइन एलईडीला एक, तो पण पॅकिंग चांगलं होतं म्हणून. पुढचं काम मागच्या ड्रमचं लायनिंग आणि व्हॉल्व्हच्या सळईचं सेटिंग मोजून घेणं, ते कुणी नारायणगाव-जुन्नर भागात गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वेळा तपासून नीट करत असेल तर खाली पत्ता टाका.