बापाच्या नावावर विकलेलं शिंगरू

शर्यतीच्या घोड्यांत हिस्सा घ्या म्हणत पुण्याच्या पूर्वेकडच्या गावांतून एक गृहस्थ फिरत असतात. सोलापूर रस्त्यावरची हॉटेलं हीच त्यांची कचेरी. हातात लॅमिनेट केलेली वंशावळ, मोबाईलमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवरचे फोटो आणि तोंडी ठरलेलं वाक्य: “घोडी गाभण आहे. शिंगराचा बाप कोण, ते आधी ऐका.” आम्ही दहा जणांनी ते ऐकलं आणि प्रत्येकी दीड लाख रुपये दिले. प्रकरण पोलिसांत आहे, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. ज्या स्टॅलियनचं, म्हणजे पैदाशीसाठी ठेवलेल्या नर घोड्याचं, नाव त्याने वापरलं त्याचंही लिहीत नाही, कारण त्या स्टड फार्मला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

माझा धंदा लसूणघास आणि ओट पुरवण्याचा. आमच्या पट्ट्यातला बराच माल घोड्यांच्या पागांमध्ये जातो. पावसाळ्यात पुण्याचा सीझन आणि नोव्हेंबरपासून मुंबईचा, या वेळापत्रकावर आमचं पीकसुद्धा चालतं. त्यामुळे घोडा आम्हाला परका नाही. पागेत जाणं-येणं असतं, सईस ओळखीचे असतात, कुठला घोडा किती खातो हे तोंडपाठ असतं. पण शर्यतीचा घोडा पाहणं वेगळं आणि त्याची पैदास कशी चालते हे कळणं वेगळं. या दोहोंमधल्या फटीतच हा माणूस धंदा करतो. शहरातल्या अगदी अनोळखी माणसाकडे तो जात नाही. ज्याला घोड्याचं अर्धं कळतं, तो त्याचं गिऱ्हाईक.

त्याची सुरुवात असायची नॉर्दर्न डान्सरपासून. १९६१ साली कॅनडात जन्मलेला हा बुटका घोडा वर्षाचा असताना २५ हजार डॉलरलाही कोणी घेतला नाही. त्यानेच १९६४ साली केंटकी डर्बी ही अमेरिकेतली गाजलेली शर्यत बरोबर दोन मिनिटांत जिंकली, आणि पुढे बाप म्हणून असा गाजला की १९८०च्या दशकाच्या मध्यावर त्याच्याकडून एक घोडी भरवून घ्यायला दहा लाख डॉलर मोजले जात, तेही शिंगरू होईलच याची हमी नसताना. त्याचा एक मुलगा, रझीन, भारतात आला आणि इथल्या पैदाशीत वर्षानुवर्षं अव्वल बाप ठरला. हे सगळं खरं आहे. तो माणूस खोटं बोलायला फार उशिरा सुरुवात करायचा, हेच त्याचं कसब.

“आपल्या शिंगरात हेच रक्त आहे,” असं तो म्हणायचा. तेही खरंच होतं! आज जगात क्वचितच असा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, सापडेल ज्याच्या कागदावर कुठे ना कुठे नॉर्दर्न डान्सर नाही. शर्यतीत शेवटून पहिला येणाऱ्या घोड्यातही ते रक्त असतं. “डर्बी जिंकलेल्या घोड्याचा हा भाऊ होणार,” हे त्याचं दुसरं वाक्य. घोड्यांच्या धंद्यात भाऊ मोजतात तो आईकडून. बाप एक असला तर नातं धरतच नाहीत, कारण चालत्या स्टॅलियनला एका हंगामात शंभर-दीडशे घोड्या दाखवतात. असे भाऊ दरवर्षी शंभर जन्मतात. लिलावाच्या कॅटलॉगमध्येही बापाची माहिती थोडक्यात आटोपतात आणि खाली आई, आजी, पणजी यांनी कोणती पोरं दिली हे पानभर छापतात. मोठ्या शर्यती जिंकलेल्यांची नावं तिथे ठळक अक्षरात असतात. आमच्या लॅमिनेट केलेल्या कागदावर सगळीच नावं ठळक होती. आईच्या आधीच्या पोरांचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता, आणि तो का नव्हता हे पुढे कळलं: तिची आधीची दोन्ही पोरं एकही शर्यत जिंकलेली नव्हती.

बापाच्या नावाची एवढी भूल का पडते, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उरुळी कांचन म्हणजे मणिभाई देसाईंनी उभ्या केलेल्या बाएफ या गोपैदाशीच्या संस्थेचं गाव. वळू चांगला तर कालवड चांगली, हे इथल्या दोन पिढ्यांनी गोठ्यात पाहिलं आहे. नायट्रोजनच्या डब्यातून वळूच्या रेताची कांडी आली की गाय गाभण. म्हणूनच त्या माणसाने आमच्यातल्या दोघांना वर आणखी एक गाजर दाखवलं: पुढच्या वर्षी आयर्लंडहून सीमेन मागवू, तिथल्या गॅलिलिओ या गाजलेल्या स्टॅलियनच्या एखाद्या मुलाचं. आगाऊ रक्कमही मागितली. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालतच नाही. घोडी स्टॅलियनसमोर नेऊन नैसर्गिकरीत्याच भरवावी लागते, नाहीतर त्या शिंगराची नोंद कुठल्याही देशाच्या स्टड बुकात, म्हणजे वंशनोंदीच्या वहीत, होत नाही आणि नोंद नसलेला घोडा रेसकोर्सवर धावत नाही. फी लाखांच्या घरात जाते ती याच कारणाने. वळूच्या कांड्या हजारो निघतात, स्टॅलियनचे दिवस मोजके असतात. हे कलम ज्याला माहीत आहे त्याला ‘आयर्लंडचं सीमेन’ ऐकताच उठून जाता येतं. हे पहिल्या बैठकीत कोणाला माहीत असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

आता घोडीबद्दल. ती खरी होती. थेऊरच्या बाजूला एका भाड्याच्या पागेत तिला ठेवलेलं होतं. अंगाने लालसर तांबूस, आयाळ आणि शेपूटही तांबडी, म्हणजे चेस्टनट. तिच्या मानेतली मायक्रोचिप वाचून नंबर पासपोर्टशी जुळवून दाखवला गेला. आमच्यातला सराफ फार चिकित्सक, त्याने अंगावरच्या पांढऱ्या खुणासुद्धा चित्राशी ताडून पाहिल्या. सगळं जुळलं. गाभण असल्याचं डॉक्टरांनी सोनोग्राफीवर सांगितलं होतं, तेही खरं. मग त्याने कव्हरिंग सर्टिफिकेटची, म्हणजे घोडी भरवल्याच्या दाखल्याची, झेरॉक्स पुढे केली. त्यावर त्या नामांकित स्टॅलियनचं नाव, घोडीचं नाव, तारखा, सही, शिक्का. तो स्टॅलियनही चेस्टनटच. “फी मी भरून टाकली आहे, तुम्ही फक्त हिस्सा घ्या.” शंभरच्या स्टँपवर करार झाला, नोटरीचा शिक्का बसला, आणि ‘होणाऱ्या शिंगरात दहा टक्के’ असे दहा कागद दहा घरी गेले.

मूळ सर्टिफिकेट कुठे आहे, हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की ते शिंगराच्या नोंदणीच्या वेळी लागतं म्हणून कचेरीत जमा आहे. ऐकायला इतकं सरळ, की पुढे विचारायला तोंडच उघडत नाही.

घोडीचे अकरा महिने भरले आणि फेब्रुवारीत ती व्यायली. नर शिंगरू, लांब पायांचं, तासाभरात उभं राहून प्यायला लागलं. जन्मलेल्या शिंगराचा रंग फसवा असतो. केस लोकरीसारखे आणि पाय फिकट असतात. तीन-चार महिन्यांनी ते केस झडतात आणि खरा रंग वर येतो. जूनमध्ये मी गाडीतून घास उतरवत होतो तेव्हा तिथला म्हातारा सईस जवळ आला. आयुष्य पागेत गेलेला माणूस. शिंगराच्या पुढच्या पायांकडे बोट करून म्हणाला, “भाऊ, माँ लाल, बाप लाल, तो ये काले पाँव कहाँ से आए?”

गुडघ्याखालचे पाय काळे होत होते. आयाळीतही काळे केस दिसायला लागले होते. म्हणजे शिंगरू बे होतं, आपल्याकडे जुनी माणसं कुमाईत म्हणतात ते.

मी त्या गृहस्थाला फोन केला. तो हसला. “अहो, आजीवर गेलाय. माणसांत नाही का होत?” माणसांत होत असेल. घोड्यात चेस्टनट हा रंग तेव्हाच येतो जेव्हा आई आणि बाप दोघांकडूनही त्याच रंगाची जनुकं मिळतात, आणि चेस्टनट घोड्याकडे द्यायला दुसरं काही नसतंच. दोन चेस्टनटांना चेस्टनटच होणार. आजी काळी असो की कुमाईत, तिचा काळेपणा वाटेतच संपलेला असतो. पागेच्या डॉक्टरांनी हे मला घासाच्या पेंढीवर बसून समजावलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, “सर्टिफिकेट खोटं आहे की नाही ते मी सांगू शकत नाही. पण या शिंगराचा बाप चेस्टनट नाही.”

इंडियन स्टड बुकची कचेरी पुण्यातच आहे. स्टॅलियन ज्यांच्याकडे असतो त्यांना कोणकोणत्या घोड्या भरवल्या याची यादी तिथे द्यावी लागते. आमच्या घोडीचं नाव तिथे होतं, फक्त दुसऱ्याच स्टॅलियनपुढे. तो बे होता, कोणी फारसं नाव न ऐकलेला, आणि त्याची फी त्या नामांकिताच्या मानाने किरकोळ. आमचे पैसे जाण्याच्या कितीतरी आधीपासून ही नोंद तिथे पडून होती. रेसकोर्सपाशी रोज घासाची गाडी खाली करणाऱ्या माणसाला ती विचारणं मुळीच अवघड नव्हतं.

दुसरा धक्का त्याहून मोठा होता. घोडीचा नोंदणीकृत मालक तो गृहस्थ नव्हताच. मालक होते मुंबईत राहणारे एक सज्जन. घोडी पागेत ठेवण्याची व्यवस्था त्यांनी या माणसामार्फत केली होती, आणि बे स्टॅलियनकडे तिला त्यांनीच रीतसर भरवून आणलं होतं. शिंगराच्या नोंदणीसाठी नमुना गेला, डीएनए तपासणीत आई-बाप जुळले, आणि ते शिंगरू कायद्याने त्यांचंच ठरलं. आम्हा दहा जणांच्या नोटरी केलेल्या कागदांना शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबच्या दृष्टीने किंमत शून्य. क्लबच्या दफ्तरी ज्याचं नाव, तोच मालक. हिस्सेदारी असते, सिंडिकेटही असतात, पण त्यांची नोंद क्लबकडे व्हावी लागते. दुसऱ्याच्या घोडीचं पोटातलं पोर आम्हाला विकलं गेलं होतं.

पोलीस ठाण्यात आधी ऐकावं लागलं की हा व्यवहार दिवाणी आहे, कोर्टात जा. डीएनएच्या निकालानेही फारसं काही हललं नाही, कारण “आमचीही फसवणूक झाली” असं तो म्हणू शकला असता. हललं ते त्या नामांकित स्टॅलियनच्या फार्मने लेखी कळवल्यावर, की असं सर्टिफिकेट आम्ही कधी दिलेलंच नाही. मग तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या ४२० सोबत बनावट दस्तऐवजाची ४६८ आणि ४७१ ही कलमं लागली. त्याला अटकपूर्व जामीन मिळाला आहे. आमच्यातल्या ज्यांनी चेकने पैसे दिले त्यांची रक्कम निदान तक्रारीत सिद्ध करता येते. रोख दिलेल्यांकडे त्याच्या सहीच्या वहीतल्या पानाखेरीज काही नाही. सराफ रोखवाला.

एक गोष्ट मला अजून सलते, आणि ती फसवणुकीची नाही. समजा बाप खरा असता, तरी काय? नॉर्दर्न डान्सरचाच एक मुलगा, स्नाफी डान्सर, १९८३ साली एक कोटी दोन लाख डॉलरला विकला गेला. तो एकही शर्यत धावला नाही, आणि पैदाशीला लावला तर तिथेही नाव घेण्यासारखं काही झालं नाही. २००६ साली ‘द ग्रीन मंकी’ एक कोटी साठ लाख डॉलरला गेला. तीन वेळा धावला, एकदाही जिंकला नाही. त्यांची कागदपत्रं चोख होती आणि घेणारे जगातले जाणकार होते. शंभरात दहा पोरं मोठ्या शर्यती जिंकणारी निघाली तर तो स्टॅलियन जगातल्या मोजक्यांत धरतात. म्हणजे त्यांच्यातसुद्धा नव्वद तशी निघत नाहीत. आमच्या दहा जणांच्या हिशेबात मात्र शिंगरू जन्मायच्या आधीच महालक्ष्मीला फेब्रुवारीत डर्बी धावत होतं. ठेकेदार मित्राने तर जॉकीच्या रेशमी पोशाखाचे रंगही ठरवले होते.

गेल्या महिन्यात दौंडच्या एका ओळखीच्याचा फोन आला. तोच माणूस, तसाच लॅमिनेट केलेला कागद. या वेळी स्टॅलियन ग्रे, म्हणजे करडा-पांढुरका, आहे. यात त्याची हुशारी दिसते. ग्रे शिंगराला आई-बापांपैकी एक ग्रे लागतोच, पण ग्रे बापाची सगळी पोरं ग्रे होत नाहीत, अनेकदा निम्मी होतात. म्हणजे शिंगरू कुठल्याही रंगाचं झालं तरी पागेतल्या सईसाला बोट दाखवता येणार नाही. मी त्याला सांगितलं, बापाचं नाव राहू दे, घोडीचं पूर्ण नाव आणि नोंदणीकृत मालकाचं नाव लिहून माग, आणि ते घेऊन आधी पुण्याला स्टड बुकच्या कचेरीत जा. कव्हरिंगची झेरॉक्स दाखवली तर तिचा फोटो काढून थेट स्टॅलियनच्या फार्मला पाठव. हिस्सा घ्यायचाच असेल तर क्लबच्या नोंदणीशिवाय नको, आणि रोख तर नकोच.

दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. घोडीचं नाव ‘नंतर सांगतो’ असं उत्तर मिळालं म्हणे, आणि दुसऱ्या दिवसापासून तो नंबर लागत नाही.