आठ कॅमेऱ्यांचा रेकॉर्डिंग पीसी: नऊ महिने सलग चालवल्यानंतर

आधी जुळणी सांगून टाकतो. ऑफिसच्या वापरातून निघालेला मिनी टॉवर, त्यात इंटेल कोअर आय५-८५००, ८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम, सिस्टिमसाठी २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि रेकॉर्डिंगसाठी १२ टीबीची सर्व्हेलन्स हार्ड डिस्क. कॅमेरे आठ: सहा ४ मेगापिक्सेलचे, दोन ८ मेगापिक्सेलचे, सगळे आयपी, म्हणजे नेटवर्क केबलने जोडायचे, आणि पीओईवर, म्हणजे त्याच केबलमधून मिळणाऱ्या विजेवर चालणारे. सॉफ्टवेअर फ्रिगेट, म्हणजे कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारा प्रोग्राम, डेबियन लिनक्सवर डॉकरमध्ये चालवलेला. रेकॉर्डिंग चोवीस तास, हालचाल असो वा नसो.

नऊ महिन्यांत प्रोसेसर एकदाही अडला नाही, सरासरी भार १५ टक्क्यांच्या आतच राहिला. अडचणी आल्या त्या वीजपुरवठा, केबल, डिस्क आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये. तरीही असा पीसी घेताना बहुतेक जण सगळा वेळ प्रोसेसर निवडण्यात घालवतात आणि कॅमेऱ्यांना वीज आणि नेटवर्क देणारा स्विच उरल्यासुरल्या पैशात घेतात. क्रम उलटा हवा. आधी कॅमेरे ठरवा, त्यावरून बिटरेट (दर सेकंदाला येणारा डेटा) काढा, बिटरेटवरून डिस्क, कॅमेऱ्यांच्या वॅटवरून स्विच, आणि पीसी सगळ्यात शेवटी.

प्रोसेसरवर भार का पडत नाही, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. कॅमेरा चित्र स्वतःच एच.२६५ किंवा एच.२६४ मध्ये दाबून पाठवतो. रेकॉर्डिंगसाठी ते उलगडायची गरजच नसते, आले तसे डिस्कवर लिहायचे. उलगडावे लागते ते फक्त हालचाल ओळखायला आणि पडद्यावर बघायला. हे काम मेन स्ट्रीमवर, म्हणजे पूर्ण आकाराच्या चित्रावर, केले तर सहा कॅमेरे २५६०×१४४० आणि दोन ३८४०×२१६०, सेकंदाला १५ फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ५८ कोटी पिक्सेल उलगडावे लागतात. तेच काम ६४०×३६० च्या सब स्ट्रीमवर, म्हणजे कॅमेऱ्याच्याच दुसऱ्या छोट्या चित्रावर, १० फ्रेमने केले तर आठही कॅमेरे मिळून २ कोटीच्या आत बसतात. तीसपट फरक! म्हणून कॅमेरा घेताना विचारायचा पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नाही. सब स्ट्रीम वेगळी मिळते का, तिचे रिझोल्यूशन आणि कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत) वेगळे ठेवता येतात का, हे आधी विचारा. इथे मेन स्ट्रीम एच.२६५ आणि सब स्ट्रीम एच.२६४ अशी ठेवली आहे, कारण ब्राउझरमध्ये थेट चित्र बघताना एच.२६४ विनातक्रार चालते.

प्रोसेसरच्या बाबतीत पाहायचे ते इतकेच की आतल्या ग्राफिक्समध्ये एच.२६५ उलगडण्याची सोय हवी. इंटेलमध्ये सहाव्या पिढीपासून ८ बिटचे आणि सातव्या पिढीपासून १० बिटचेही एच.२६५ हार्डवेअरवर उलगडते. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला, उदाहरणार्थ आय५-९४००एफ, घेऊ नका. त्यात ग्राफिक्सच नसतात, आणि वेगळे कार्ड लावले की वीज आणि उष्णता दोन्ही वाढतात. विंडोज ११ वर ब्लू आयरिससारखे सॉफ्टवेअर चालवायचे असेल तर आठवी पिढी किंवा पुढची घ्या, त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा नाही. नवे काही घ्यायचे असेल तर इंटेल एन१०० प्रोसेसरचा छोटा पीसीही आठ कॅमेरे सहज ओढतो, मात्र त्यात ३.५ इंची डिस्क बसत नाही. मग डिस्क यूएसबीवर टांगावी लागते, आणि चोवीस तास लिहिणारी डिस्क यूएसबीवर ठेवणे धोक्याचे. जोडणी क्षणभर सुटली तरी ड्राइव्ह गायब होतो आणि पुन्हा माउंट होईपर्यंतचे रेकॉर्डिंग जाते.

वस्तू ओळखण्यासाठी, म्हणजे माणूस, गाडी, कुत्रा वेगळे करण्यासाठी, वेगळी चिप घेतलेली नाही. इंटेलचे ओपनव्हिनो हे ओळखण्याचे सॉफ्टवेअर याच प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालते आणि एका फ्रेमला १५ ते २० मिलिसेकंद घेते. आठ कॅमेरे, सेकंदाला ५ फ्रेम, सगळीकडे एकाच वेळी हालचाल असली तरच ४० फ्रेमचा भार येतो. असे पावसाच्या रात्री घडते, एरवी नाही. रॅम दोन पट्ट्यांमध्ये घ्या, कारण हे ग्राफिक्स तीच रॅम वापरते.

आता कॅमेऱ्याची सुसंगतता. खोक्यावर नुसते ‘ऑनव्हिफ’ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत यासाठीचे मानक) लिहिलेले पुरत नाही, प्रोफाइल बघा. प्रोफाइल एस एच.२६४ च्या काळातले आहे, एच.२६५ प्रोफाइल टी मध्ये येते. ऑनव्हिफ संस्था प्रमाणित उत्पादनांची यादी स्वतः ठेवते, मॉडेल क्रमांक तिथे शोधता येतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळात बंद असते आणि त्यासाठी वेगळा युजर बनवावा लागतो. पासवर्ड बरोबर असूनही कॅमेरा सापडत नाही, त्याचे कारण अनेकदा हेच. बॅटरीवर चालणारे वायफाय कॅमेरे या कामाचे नाहीत, त्यांतल्या बहुतेकांत सतत चालणारी आरटीएसपी स्ट्रीम, म्हणजे नेटवर्कवरून घेता येणारे थेट चित्र, नसते.

कॅमेरा जोडल्यावर तीन सेटिंग हमखास बदलावी लागतात. पहिले, ‘एच.२६५ प्लस’, ‘स्मार्ट कोडेक’ वगैरे नावांनी येणारी सोय बंद करा. ती जागा वाचवते खरी, पण दोन की-फ्रेममधले, म्हणजे स्वतंत्रपणे उलगडता येणाऱ्या पूर्ण फ्रेममधले, अंतर लांबवते. फ्रिगेट १० सेकंदांचे तुकडे करून लिहिते आणि तुकडा की-फ्रेमवरच तुटतो, त्यामुळे तुकडे वेडेवाकडे होतात आणि घटना सुरू होण्याआधीचे काही सेकंद हातचे जातात. दुसरे, आय-फ्रेम (म्हणजेच की-फ्रेम) इंटरव्हल फ्रेमरेटइतकाच ठेवा, १५ ला १५. तिसरे आवाजाचे. कॅमेरा बहुधा जी.७११ मध्ये आवाज पाठवतो, आणि तो एमपी४ फाइलमध्ये बसत नाही. तो तसाच लिहायला सांगितला तर थेट चित्र उत्तम दिसते, आवाज येतो, आणि रेकॉर्डिंगचे फोल्डर रिकामे! कॅमेऱ्यात आवाज एएसी करा. ती सोय नसेल तर फ्रिगेटला फक्त आवाज बदलायला सांगा, त्याला प्रोसेसर जवळजवळ लागत नाही.

स्विचवर थोडे थांबतो, कारण सर्वांत फसवा बिघाड तिथेच होतो. पहिला स्विच आठ पोर्टचा, एकूण ६५ वॅट पीओईचा होता. दिवसा आठही कॅमेरे छान चालायचे. दिवेलागणीला मात्र एकेक कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, कधी हा, कधी तो. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ७ वॅटपर्यंत, ८ मेगापिक्सेलचा ११ वॅटपर्यंत जातो. सहा साते बेचाळीस आणि दोन अकरे बावीस, झाले ६४. वर केबलमधली गळती. बजेट ओलांडले की स्विच एखादा पोर्ट बंद करतो, कॅमेरा बंद पडला की भार उतरतो, मग पोर्ट पुन्हा सुरू होतो. कॅमेरा बदलून, फर्मवेअर बदलून हे कधीच सुटत नाही. १२० वॅटचा स्विच लावल्यापासून एकही कॅमेरा तसा पडलेला नाही. रात्रीच्या कमाल वॅटची बेरीज करा, तिच्या दीडपट बजेटचा स्विच घ्या. ८०२.३एएफ प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट देते आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅटची हमी असते. फिरणारे पीटीझेड कॅमेरे असतील तर ८०२.३एटी हवे, ३० वॅटचे. ‘पॅसिव्ह पीओई’ लिहिलेल्या वस्तूंपासून दूर राहा, त्या समोर काय आहे हे न विचारताच व्होल्टेज सोडतात.

केबलही तशीच फसवते. स्वस्त कॅट ६ केबलमध्ये अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते, खोक्यावर सीसीए असे बारीक लिहिलेले. तिचा रोध तांब्यापेक्षा दीडपटीच्या वर. २० मीटरवर काही कळत नाही, ७०-८० मीटरवर रात्रीच्या भाराला कॅमेरा रीस्टार्ट होऊ लागतो. ओळखायची रीत सोपी आहे: तारेचे टोक ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाले तर परत करा. एका जोडणीची कमाल लांबी १०० मीटर.

डिस्कचे गणित पाठच करून ठेवा: १ एमबीपीएसची स्ट्रीम चोवीस तासांत १०.८ जीबी लिहिते. इथे ४ मेगापिक्सेलला ३ आणि ८ मेगापिक्सेलला ६ एमबीपीएस दिले आहेत, एकूण ३० एमबीपीएस, म्हणजे दिवसाला ३२४ जीबी. तीस दिवसांना ९.७ टीबी. १२ टीबीच्या डिस्कमधली दहा टक्के मोकळी सोडली तर ३३ दिवस बसतात. डिस्क जोडल्यावर सिस्टिम १०.९ दाखवते, ती फसवणूक नाही, मोजण्याचे एकक वेगळे आहे. बिटरेट बदलता ठेवला असेल तर हिशेब कमाल मर्यादेवर करा, सरासरीवर नको. रात्री चित्रात दाणे येतात, त्या दाण्यांनाही जागा लागते, आणि पाऊस पडला की सगळे कॅमेरे एकदम मर्यादेला भिडतात.

डिस्कचा प्रकार इथे निर्णायक आहे. दिवसाला ३२४ जीबी म्हणजे वर्षाला ११८ टीबी. साध्या डेस्कटॉप डिस्कला साधारण ५५ टीबी वार्षिक कामाची मर्यादा दिलेली असते, डब्ल्यूडी पर्पल आणि सीगेट स्कायहॉक या सर्व्हेलन्स डिस्कना १८०. एसएमआर पद्धतीची डिस्क घेऊ नका, पट्टे वेगवेगळे ठेवणारी सीएमआर हवी. एसएमआरमध्ये एक पट्टा दुसऱ्यावर चढवलेला असतो, जुने पुसून नवे लिहिताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागते, आणि भरलेल्या डिस्कवर सतत तेच चालते. पहिला महिना सगळे ठीक दिसते, डिस्क भरून फिरू लागली की फ्रेम गळतात. रेकॉर्डिंग एसएसडीवर करण्याचा विचारही सोडा. ३०० टीबी लेखनाची हमी असलेली एसएसडी या वेगाने साधारण अडीच वर्षांत ती हमी संपवते. एसएसडीवर फक्त सिस्टिम आणि डेटाबेस ठेवा.

आतापर्यंत या डिस्कवर ८७ टीबी लिहून झाले आहे. तापमान ३८ ते ४३ अंश, तेही पुढे १२० मिलिमीटरचा पंखा बसवल्यावर. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्टच्या आकड्यांत ५, १९७ आणि १९८ हे खराब जागा मोजणारे तिन्ही अजून शून्य आहेत. जोडणीतल्या चुका मोजणारा १९९ मात्र तिसऱ्या महिन्यात चढू लागला होता. हा आकडा डिस्कचा नसतो, साटा केबलचा असतो. जुन्या पीसीसोबत आलेली सैल केबल बदलली, चढणे थांबले. तो आकडा खाली कधीच येत नाही, फक्त पुढे वाढतोय का ते बघायचे.

ऑफिसचा पीसी घेताना टॉवरच का, याचे उत्तर एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज देणाऱ्या डब्यात, आहे. बारक्या कॅबिनेटमध्ये ३.५ इंची जागा एखादीच असते, एसएमपीएस १८०-२०० वॅटचा, आणि अनेक मॉडेलांत त्याचा मदरबोर्डचा जोड कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला एटीएक्स त्यात बसत नाही. ३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. पुढे तीन-चार डिस्क लावायचा बेत असेल तर त्या सगळ्या एकाच क्षणी फिरतात, हे धरून चाला.

नेटवर्क कार्डे दोन आहेत. मदरबोर्डवरचे कॅमेऱ्यांच्या स्विचला, पीसीआय एक्सप्रेसमधले दुसरे बाकीच्या नेटवर्कला. कॅमेऱ्यांना गेटवे, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, दिलेलाच नाही, त्यामुळे ते इंटरनेटवर जाऊच शकत नाहीत. पण मग त्यांची घड्याळे भरकटतात. पीसीवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम चालवून त्यालाच वेळेचा सर्व्हर केला आहे. क्रोनी मुळात दुसऱ्यांना वेळ देत नाही, त्याच्या फाइलमध्ये कॅमेऱ्यांच्या सबनेटला परवानगी देणारी एक ओळ घालावी लागते. पुरावा म्हणून चित्रे द्यायची वेळ आली तर कोपऱ्यातली वेळ चुकीची असणे फार महाग पडते. आरटीएसपी टीसीपीवर ठेवा. यूडीपीवर पॅकेट हरवले की चित्राचा खालचा अर्धा भाग करडा होऊन ओघळतो.

ॲनालॉग कॅमेरे आधीच लागलेले असतील तर जुने बीटी८७८ चे कॅप्चर कार्ड शोधत बसू नका. त्याला पीसीआय स्लॉट लागतो, तो नव्या बोर्डांवर नसतो. शिवाय एका चिपवर चार कॅमेरे फिरवले की २५ फ्रेम चौघांत वाटल्या जातात. त्यापेक्षा प्रत्येक चॅनेलची आरटीएसपी देणारा डीव्हीआर (अशा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) कॅमेरे आणि पीसी यांच्या मधे ठेवा आणि पीसीने त्याच्याकडून स्ट्रीम घ्यावी.

यूपीएसवर पीसी आणि स्विच दोन्ही हवेत. पीसी ४० वॅट, स्विच कॅमेऱ्यांसह ७० च्या आसपास, एकूण ११० वॅट. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेला एसएमपीएस चौकोनी लहरीच्या स्वस्त यूपीएसवर, वीज जाऊन बॅटरी सुरू होण्याच्या क्षणी, बंद पडू शकतो, म्हणून विकत घेण्याआधी प्लग ओढून बघा. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचे सेटिंग चालू करा, आणि जुन्या पीसीतला सीआर२०३२ सेल पहिल्याच दिवशी बदला. तो संपला की बरेच बोर्ड ते सेटिंग विसरतात, आणि वीज आल्यावरही पीसी गप्प बसून राहतो. हे तपासायला यूपीएस पूर्ण रिकामा होऊ द्या, वीज परत द्या, कशालाही हात लावू नका, आणि पाच मिनिटांनी आठही कॅमेऱ्यांच्या फोल्डरमध्ये नव्या फाइली पडतायत का ते मोजा.