पोलिसांच्या ऑनलाइन सेवा, ऐरोलीतून वापरल्यावर काय वाटलं

आधीच सांगते, वापरा. घरात मोबाईल गेला, कोणी यूपीआयवरून फसवलं, परदेशी जायला पोलिसांचा दाखला हवा असला तर "पोलिसांचं ऑनलाइन म्हणजे नुसता देखावा" असं म्हणून सोडून देऊ नका, कारण यातल्या काही गोष्टी खरंच भारी चालतात. पण सगळ्याला मिळून पाच स्टार देता येणार नाहीत. फोनवर होणारा भाग चांगला आहे आणि प्रकरण पोलीस स्टेशनच्या टेबलावर पोचलं की अडकतं, आणि तिथे का अडकतं याचं उत्तर पैसा कशावर खर्च होतो आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं यात आहे असं माझं मत झालंय. मी नवी मुंबईतच महापेला एका कंपनीत सॉफ्टवेअर सपोर्टला आहे, लोकांनी विकत घेतलेल्या सिस्टीम चालू ठेवणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे याकडे मी त्याच नजरेने बघितलंय.

सुरुवात हरवलेल्या मोबाईलपासून करते कारण बहुतेकांना तीच सेवा लागते. माझ्या भावाचा फोन ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये गेला, ठाण्याहून येताना, गर्दीत खिशातून. सीईआयआर नावाची केंद्राच्या दूरसंचार विभागाची सिस्टीम आहे, संचार साथीच्या वेबसाईटवरून तिथे जाता येतं, आणि आपल्याला माहीत नसतं पण तिची सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली होती, 2019 मध्ये मुंबईत, मग 2023 च्या मे महिन्यात देशभर झाली. फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, टाकायचा, पोलीस तक्रारीची कॉपी अपलोड करायची, ओळखपत्र द्यायचं, ओटीपी येतो, आणि साधारण दिवसभरात तो फोन भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालेनासा होतो. कोणी त्यात नवीन सिम टाकून चालू करायचा प्रयत्न केला की माहिती पोलिसांकडे जाते. हे सगळं जसं लिहिलंय तसंच होतं, रिक्वेस्ट आयडी टाकला की स्टेटस दिसतं, कोणाच्या ओळखीची गरज नाही. पाच स्टार. फक्त ओटीपीसाठी त्याच नंबरचं दुसरं सिम आधी काढून घ्या नाहीतर फॉर्म अर्धवट राहतो.

आता अडकलं कुठे, तर ती "पोलीस तक्रारीची कॉपी" मिळवताना. एका पोलीस स्टेशनला गेलो (नाव लिहीत नाही), तिथे म्हणाले रेल्वेत गेलाय म्हणजे आमची हद्द नाही, लोहमार्ग पोलिसांकडे जा. तिकडे गेलो तर नक्की कुठल्या स्टेशनात गेला ते सांगा, कारण दोन स्टेशनांच्या मध्ये गेला असेल तर परत हद्द बदलते. अहो ज्याचा खिसा कापला त्याला कळलं असतं तर फोन गेलाच नसता ना! 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र (म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात असा) असेल तर समोरच्या पोलीस स्टेशनने माहिती नोंदवून घ्यायची, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि ऑनलाइन कळवलं तरी चालतं, तीन दिवसांत जाऊन सही करायची एवढंच. हे मी तिथे शांतपणे बोलले तेव्हा नोंद झाली. पण नोंद काय झाली? "गहाळ". चोरी नाही, गहाळ. भाऊ सांगतोय खिशातून काढला आणि कागदावर मात्र फोन त्याच्याच हातून कुठेतरी पडला. गहाळ लिहिलं की एफआयआर नको, तपास नको, आणि त्या स्टेशनचा चोरीचा आकडा वाढत नाही. सीईआयआरला गहाळची कॉपीसुद्धा चालते त्यामुळे आपण पण घाईत गप्प बसतो.

मला यातली खरी गंमत नाही तर काळजी वाटते ती अशी की वर कोट्यवधींची सिस्टीम बसवली आणि खाली भरणारा माणूस चोरीला गहाळ लिहितोय, तर त्या सिस्टीममधून निघणारे सगळे नकाशे, सगळे आकडे त्या एका शब्दावर उभे राहणार. कुठल्या लोकलमध्ये, कुठल्या वेळेला चोऱ्या जास्त होतात हे कॉम्प्युटरला कधी कळणारच नाही. हे सॉफ्टवेअर बदलून सुधारत नाही, वरून कोणीतरी थोड्या नोंदी काढून तक्रारदाराला फोन करून विचारायला हवं की बाई, तुम्ही काय सांगितलं होतं आणि आम्ही काय लिहिलं. आमच्या कंपनीत प्रत्येक महिन्याला बंद झालेल्या काही तक्रारी काढून ग्राहकाला फोन जातो, ही काही अवघड गोष्ट नाहीये.

दुसरी सेवा 1930, ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची तक्रार करायचा हेल्पलाइन नंबर. आमच्या शेजारचे काका, रिटायर्ड, त्यांना गॅसचं बिल थकलंय म्हणून मेसेज आला, सोबत एक एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल, ती उघडली आणि खात्यातून पैसे गेले. काकू रडत आल्या. मी लगेच 1930 लावला, लागायला थोडा वेळ लागला पण लागला, समोरच्या मॅडमने एकदम मुद्देसूद विचारलं, कुठली बँक, किती वाजता, व्यवहाराचा नंबर काय, पैसे कुठल्या खात्यात गेले ते मेसेजमध्ये दिसतंय का. तक्रारीचा नंबर लगेच मिळाला. ही यंत्रणा 2021 मध्ये सुरू झाली, तेव्हा नंबर 155260 होता, यात बँका आणि पोलीस एकाच सिस्टीमवर असतात म्हणून पैसे पुढच्या खात्यातून काढायच्या आत तिथेच अडवता येतात. काकांचे सगळे नाही पण बऱ्यापैकी पैसे एका खात्यात अडवले गेले. म्हणून पहिल्या तासात फोन करा, आधी बँकेत जाऊन रांगेत उभं राहू नका. या भागाला साडेचार स्टार, अर्धा कापला कारण रात्री लाईन लागायला वेळ गेला आणि त्या वेळेत प्रत्येक मिनिटाला पैसा पुढे सरकत असतो.

पण अडवलेले पैसे परत खात्यात येईपर्यंत काकांचा जीव मेटाकुटीला आला. त्यांच्या वेळी कोर्टाची ऑर्डर लागली, त्यासाठी पोलिसांचा रिपोर्ट लागला, आणि तो रिपोर्ट ज्या टेबलावरून निघणार तिथला अंमलदार कधी बंदोबस्ताला, कधी सुट्टीवर, कधी "काका, आज नेट गेलंय". त्या अंमलदाराबद्दल मला वाईट बोलायचं नाही, त्याने शेवटी मन लावून काम केलं, आणि त्यानेच सांगितलं की प्रिंटरचा टोनर संपला की आम्हीच पैसे काढून आणतो. सायबरचे अर्ज ढिगाने आणि बघणारे मोजके. वर 24 तास चालणारं कॉल सेंटर आणि खाली एक माणूस, एक प्रिंटर. या भागाला दीड स्टार, आणि तो दीडही त्या अंमलदारासाठी.

आता पैशाचं. सीसीटीएनएस, म्हणजे सगळी पोलीस स्टेशनं कॉम्प्युटरने जोडायची योजना, 2009 मध्ये केंद्राने 2000 कोटींची मंजूर केली. 2022 मध्ये पोलीस, कोर्ट, जेल, फॉरेन्सिक, सरकारी वकील हे सगळं एकमेकांना जोडायच्या आयसीजेएसच्या दुसऱ्या टप्प्याला 3375 कोटी. त्याच वेळी पोलीस आधुनिकीकरणाच्या एकूण योजनेला पाच वर्षांसाठी 26,275 कोटी. आपल्या राज्याचा सायबर सुरक्षेचा प्रकल्प 837 कोटींचा, त्याचं केंद्र इथेच महापेला आहे, माझ्या ऑफिसच्याच भागात. म्हणजे पैसा नाही असं कोणी म्हणू नये. पण आमच्या धंद्यातला कोणीही सांगेल की सिस्टीम विकत घेणं हा सोपा भाग, त्याचं टेंडर निघतं, फीत कापली जाते, फोटो येतो. पाच वर्षांनी एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, संपते, हार्ड डिस्क भरते, यूपीएसची बॅटरी मरते, शिकलेला माणूस बदली होऊन जातो आणि नवीन माणसाला पासवर्डसुद्धा माहीत नसतो, त्याची फीत कोणी कापत नाही. म्हणून माझं म्हणणं की प्रत्येक मंजुरीबरोबर चालवायचा खर्च, माणसं आणि ट्रेनिंगचा वेगळा आकडा जाहीर व्हायला हवा, आणि महिन्यातून किती तास सिस्टीम बंद होती तेसुद्धा, पोलीस स्टेशननिहाय. ज्या सेवेला लोकांनी बघता येईल असं घड्याळ लावलंय ती सेवा चालते, हे मी स्वतः बघितलंय.

उदाहरण देते. एफआयआर वेबसाईटवर दिसते ती पोलिसांना वाटलं म्हणून नाही, सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये सांगितलं की 24 तासांत टाका, नेटची अडचण असेल तर जास्तीत जास्त 72 तास, फक्त लैंगिक अत्याचार, दहशतवाद असल्या संवेदनशील प्रकरणांच्या नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जाऊन जिल्हा, पोलीस स्टेशन, तारीख टाकून बघा. लोकसेवा हक्क कायद्याचंही तसंच, 2015 चा आहे, त्यात आलेल्या सेवेला दिवस ठरलेले असतात, दिवस उलटले तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि जबाबदार अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. भावाच्या बायकोने चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन काढला, काही त्रास झाला नाही, चार स्टार. 112, पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा नंबर, एकदाच लावला, रात्री गेटसमोर मारामारी चालली होती, गाडी पटकन आली, पाच स्टार.

आणि आता कॅमेरे, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. रस्त्यावरचे नाही, पोलीस स्टेशनच्या आतले. 2 डिसेंबर 2020 ला परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजीत सिंग या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की देशातल्या प्रत्येक पोलीस स्टेशनला, गेटपासून लॉकअपपर्यंत, आवाजासकट रेकॉर्ड करणारे, अंधारातही दिसतील असे कॅमेरे हवेत, रेकॉर्डिंग 18 महिने ठेवा, ते जमत नसेल तर कमीत कमी एक वर्ष. आणि बाहेर मोठा बोर्ड, लोकांच्या भाषेत, की इथे कॅमेरे आहेत आणि तुमच्या हक्कांवर गदा आली तर तुम्ही मानवाधिकार आयोगाकडे, कोर्टाकडे जाऊ शकता. काकांबरोबर गेले तेव्हा मी तो बोर्ड शोधला, होता, पण कपाटामागे अर्धा झाकलेला.

त्या निकालात देखरेखीची जी रचना आहे ती मला फार आवडते आणि तीच कोणाला माहीत नाही. राज्य पातळीवर एक समिती, त्यात गृह सचिव, वित्त सचिव, पोलीस महासंचालक आणि राज्य महिला आयोगाचं कोणीतरी, म्हणजे पैसे देणारा आणि वापरणारा एकाच टेबलावर. जिल्हा पातळीवर दुसरी समिती, त्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर. हो, महापौर! लोकांनी निवडून दिलेल्या पालिकेचा माणूस. कॅमेरा बंद पडला की स्टेशनच्या प्रमुखाने समितीला लगेच कळवायचं, समितीने दर महिन्याला वर रिपोर्ट द्यायचा. आता आपल्याकडचं बघा, नवी मुंबई पालिकेची मुदत 2020 मध्ये संपली, ठाण्याची 2022 मध्ये, निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. इतकी वर्षं त्या खुर्चीवर आपल्या बाजूने बसायला कोणीच नव्हतं आणि याबद्दल एका माणसाने आवाज केलेला मी ऐकला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाला परत स्वतःहून हा विषय घ्यावा लागला, राजस्थानात आठ महिन्यांत कोठडीत 11 मृत्यू झाल्याची बातमी वाचून. निकालाला पाच वर्षं होत आली होती.

त्यात डिसेंबर 2025 मध्ये राज्याने जाहीर केलं की महाक्राइमओएस नावाची एआय सिस्टीम, मायक्रोसॉफ्टच्या मदतीने, राज्यातल्या 1100 पोलीस स्टेशनांना देणार, नागपूरकडच्या 23 स्टेशनांत आधी वापरून बघितली. तपासाला मदत होणार असेल तर मला आनंदच आहे, काकांसारख्यांचे रिपोर्ट लवकर निघतील. पण गहाळ आणि चोरीचा घोळ त्यात तसाच गेला तर? एआयने तपासाची चुकीची दिशा दिली तर कोणाला विचारायचं, ते कोण तपासणार, पोलिसांच्या बाहेरचं कोणी असणार का? कॅमेऱ्यांच्या बाबतीत निदान कागदावर समिती आहे. इथे तशी समिती सिस्टीम सुरू व्हायच्या आधी हवी.

मी आमच्या वॉर्डच्या नगरसेवकांना लेखी विचारलंय की जिल्हा समितीची शेवटची बैठक कधी झाली, आपले महापौर तिथे गेले का, आणि आत्ता किती पोलीस स्टेशनांतले कॅमेरे बंद आहेत. माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा टाकलाय, मंत्रालयाच्या विभागांना तो ऑनलाइन होतो, फी 10 रुपये. ठाणे, कळवा, घोडबंदर साईडला राहणाऱ्यांनी तुमच्या नगरसेवकाला हेच तीन प्रश्न लेखी द्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.